परदेशातील विद्यापीठ जागतिक क्रमवारी पाहून निवडावे का?

क्रमवारी पाहावी, परंतु ती नेमके काय मोजते हे समजून घेऊनच. क्यूएस या ब्रिटिश संस्थेच्या जागतिक क्रमवारीत २०२४ च्या आवृत्तीपासून ४५ टक्के भार प्राध्यापकांच्या आणि नोकरी देणाऱ्यांच्या मतांना आहे. म्हणजे जवळजवळ निम्मे गुण नावलौकिकाचे असून तुमचा विभाग कसा शिकवतो, याविषयी ते फारसे काही सांगत नाहीत. त्याऐवजी विभागाच्या संकेतस्थळावरील अभ्यासक्रम-पुस्तिका उघडावी आणि ज्या दोन-तीन विषयांसाठी आपण जाणार आहोत, ते यंदा खरोखर शिकवले जाणार आहेत का, हे तपासावे. यादीत छापलेला विषय दर वर्षी शिकवला जातोच असे नाही.

खर्चाचा हिशेब शुल्कापाशी थांबवू नये. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षण शुल्क घेत नाहीत (बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात), तर ब्रिटनमध्ये शुल्क भारी असले तरी पदव्युत्तर पदवी बहुधा एका वर्षात पूर्ण होत असल्याने राहण्याजेवण्याचा वर्षभराचा खर्च वाचतो. शिक्षणानंतर कामाची परवानगी किती काळ मिळते, हे त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच वाचावे. प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटांच्या शब्दावर विसंबू नये, कारण त्यांना अनेकदा विद्यापीठाकडूनच दलाली मिळते.