तास वाढवले, लय का वाढेना?

"रोज सहा तास बसतो, तरी रेला 120 च्या पुढे जात नाही. शेजारच्या खोलीतला मुलगा कुठल्या कुठे पोचला. मला तबला जमणारच नाही का?"

तबल्यात बी.ए. करणाऱ्या, दुसऱ्या वर्षाच्या मुलाचा हा प्रश्न. रेला म्हणजे वेगात, सलग वाजवायची बोलांची रचना; 120 म्हणजे मिनिटाला 120 मात्रा. उजव्या कोपराखाली दुखतं, हे त्यानं अगदी उठता उठता सांगितलं. गुरुजींना तर सांगितलंच नव्हतं. दुखतं म्हटलं की आपण कच्चे ठरू, ही भीती वादन शिकणाऱ्या अनेक मुलांच्या मनात असते, आणि नुकसान तिथूनच सुरू होतं.

सुट्टीत त्यानं एकट्यानं चिल्ला धरला होता. चिल्ला म्हणजे 40 दिवसांचा अखंड रियाज. पण तो गुरूच्या नजरेखाली, हात आधी नीट बसलेला असताना करायचा. यानं पहिल्याच दिवशी 120 च्या लयीत चौगुन (एका मात्रेत चार अक्षरं) धरली. म्हणजे सेकंदाला 8 अक्षरं, मध्ये विश्रांती नाही. हाताला हे झेपणं शक्यच नव्हतं.

आम्ही त्याला रेल्याची पढंत करायला, म्हणजे बोल न वाजवता तोंडानं म्हणायला सांगितली. टाळीसकट 120 ला स्वच्छ आली, म्हणजे बोल डोक्यात पक्के होते. अडचण हातात होती, आणि ती शोधणं गुरुजींचं काम. सगळ्यात जास्त वेळ गेला तो त्यांच्यासमोर खरं बोलण्याची त्याची तयारी करण्यात. काय बोलायचं ते त्यानं दोन ओळींत लिहूनच नेलं. गुरुजींनी 60 ला वाजवायला लावलं आणि दोष लगेच ऐकू आला: 'तिरकिट'मधला 'र' पडतच नव्हता. 'ति'नंतर तर्जनी उशिरा पोचायची, ती भरपाई करायला मनगट आवळायचं, खांदा वर जायचा. लय चढली की तो 'र' गोंगाटात लपायचा, एवढंच.

आधी डॉक्टर, मग फिजिओथेरपिस्ट. दहा दिवस वादन बंद. त्या काळात रोज दोनदा 20 मिनिटं पढंत. पुढे दिवसातून तीन बैठका, प्रत्येकी 15 मिनिटांच्या. सुरुवात 60 ला. तीनतालाची (16 मात्रांचा ताल) दहा आवर्तनं 'र'सकट स्वच्छ आली, तरच लय 4 नं वाढवायची. 'र' हरवला की 8 नं खाली यायचं. प्रत्येक बैठक मोबाइलवर रेकॉर्ड करून संध्याकाळी ऐकायची, कारण वाजवताना आपल्याला आपला हात खरा ऐकू येत नाही. बैठकीची वेळ वाढवायची ती चार दिवसांतून एकदा, पाचच मिनिटांनी, आणि तीही दुखलं नाही तर.

(बोटांना मुंग्या येणं, रात्री हात बधिर होणं, हातातून वस्तू निसटणं यांपैकी काहीही जाणवलं तर असलं वेळापत्रक करत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.)

शेजारच्या खोलीतला आवाज काही थांबला नाही. म्हणून त्याच्या बैठका कॉलेजच्या रिकाम्या वर्गात हलवल्या. आठव्या आठवड्यात तो 108 वर होता, दुखणं नव्हतं. परीक्षेत त्यानं रेला 112 लाच ठेवला आणि वाचलेला वेळ पेशकाराला, म्हणजे सुरुवातीच्या संथ रचनेला दिला.