'मुक्तस्रोत' की 'उघड साधने'?

एका अनुवादक वाचकाचा प्रश्न आहे. एका परिचयात 'ओपन सोर्स इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नलिस्ट', म्हणजे सगळ्यांना पाहता येणाऱ्या व्हिडिओ, उपग्रहचित्रं अशा माहितीवरून तपास करणारी पत्रकार, असं पद आहे आणि पुढे 'व्हिज्युअल एव्हिडन्स'चा उल्लेख आहे. त्यांनी 'दृश्य पुरावे वापरणारी मुक्तस्त्रोत अन्वेषणात्मक पत्रकार' असं केलं, पण मनाचं समाधान होईना. 'व्हेरिफिकेशन'ला 'सत्यापन' म्हणावं का, हेही त्यांना विचारायचं आहे.

आधी लेखनाची चूक काढून टाकू. 'स्रु' म्हणजे वाहणे, त्यावरून 'स्रोत'. त्यात 'त' एकदाच, तोही शेवटी. 'स्तोत्र' कानात बसलेलं असतं म्हणून 'स्त्रोत' लिहिलं जातं, आता तर ते छापूनही येतं.

पण माझी खरी हरकत 'मुक्त'ला आहे. संगणकाच्या आज्ञावलीबद्दल 'मुक्तस्रोत' चपखल आहे. ती कुणीही घ्यावी, बदलावी, पुढे वाटावी अशी मुभा त्यात असते. पत्रकाराच्या 'ओपन सोर्स'चा त्या मुभेशी काही संबंध नाही. समाजमाध्यमावर कुणी टाकलेला व्हिडिओ सगळ्यांना दिसतो, पण त्याची मालकी टाकणाऱ्याचीच राहते. तो मुक्त नाही, उघड आहे. सॉफ्टवेअरच्या जगात 'ओपन सोर्स' हे नाव १९९८ साली रूढ झालं. सगळ्यांना ऐकू येणारं परक्या देशांचं रेडिओ प्रसारण ऐकून त्यातून माहिती वेचणं हे या पत्रकारांच्याच जातीचं काम, आणि ते त्याच्या कितीतरी आधीचं. बीबीसीने असा विभाग १९३९ मध्येच सुरू केला होता. म्हणजे इथला 'सोर्स' माहितीचा आहे, आज्ञावलीचा नाही.

मग 'सोर्स'ला काय म्हणायचं? बातमीदारीत आपण 'सूत्र' म्हणतो. 'सूत्रांकडून समजते' या वाक्यातलं सूत्र मात्र नाव झाकलेला माणूस असतो. या कामात तर वाचकाने स्वतः जाऊन पाहावं अशी अपेक्षा असते, त्यामुळे 'खुली सूत्रं' मला पटत नाही. आणि इथे मराठीकडे एक उत्तम शब्द आयता पडून आहे: साधने. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरं धुंडाळली आणि १८९८ पासून ती छापायला घेतली, ती 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने. ज्यावरून काही सिद्ध करायचं, पण जे अजून सिद्ध झालेलं नाही, ते साधन. म्हणून माझा कौल 'उघड साधने' या जोडीला. 'उघड'मधून 'उघडकीस आणणे' हेही आपोआप ऐकू येतं.

इतिहासाच्या अभ्यासकांचे आणखी दोन शब्द या पत्रकारांनी खुशाल उचलावेत: अस्सल आणि नक्कल. दप्तरात नक्कल म्हणजे खोटा कागद नव्हे, मूळ कागदाची प्रत. खोट्याला बनावट म्हणतात. फिरत्या व्हिडिओंच्या बाबतीत हा भेद फार मोलाचा आहे. दहा हातांतून पुढे सरकलेला व्हिडिओ ही नक्कल, तरी तो खरा असू शकतो. जुन्या पुराचं चित्रण आजचं म्हणून फिरवलं, तर चित्रण अस्सल आणि दावा खोटा. नक्कल, बनावट आणि खोटा दावा या तिन्हींना सरसकट 'फेक' म्हटलं की नेमकी चूक कुठे आहे तेच दिसेनासं होतं.

आता 'सत्यापन'. हिंदीत तो रुळलेला आहे. मराठीत 'पडताळणी' असताना त्याची गरज नाही. 'खातरजमा'ही नको, तिच्यात भर आपल्या मनाची खात्री पटण्यावर आहे. पडताळायला दोन गोष्टी लागतात, एक दुसरीशेजारी ठेवावी लागते. हे काम नेमकं तसंच चालतं.

जुलै २०१८ मध्ये एक व्हिडिओ पसरला. त्यात सैनिक दोन स्त्रिया आणि दोन लहान मुलांना घेऊन जातात आणि गोळ्या घालून मारतात. हे आमच्या देशातलं नाहीच, असं कॅमेरूनच्या सरकारचं म्हणणं होतं. बीबीसीच्या 'आफ्रिका आय' या शोधपत्रकारिता विभागाच्या पत्रकारांनी बेलिंगकॅट हा अशाच उघड माहितीवरून तपास करणारा गट, अॅम्नेस्टी ही मानवी हक्क संघटना आणि काही स्वतंत्र अभ्यासक यांच्या मदतीने व्हिडिओच्या सुरुवातीला मागे दिसणारी डोंगररांग धरली. तिचे चढउतार उपग्रहचित्रांवरून बनवलेल्या भूरूपाशी जुळवले आणि जागा सापडली ती उत्तर कॅमेरूनमधल्या झेलेवेट गावाजवळ. मग सैनिकांच्या सावल्या. आपल्या ज्योतिषग्रंथांत जमिनीत उभा रोवलेला शंकू असतो, त्याच्या छायेवरून वेळ काढतात. इथे चालणारा सैनिकच शंकू झाला. सावलीचा कोन आणि उपग्रहचित्रांत दिसणारी घरं यांवरून घटना २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ या दिवसांतली ठरली. २०२० मध्ये तिथल्या लष्करी न्यायालयाने चार सैनिकांना १० वर्षांची शिक्षा दिली.

डोंगर आणि नकाशा, सावली आणि सूर्य: प्रत्येक वेळी दोन गोष्टी शेजारी. याला पडताळणीच म्हणावं. तिच्या दोन शाखांपैकी 'कालनिश्चिती' हा शब्द आपण जुन्या ग्रंथांबाबत नेहमी वापरतो, त्याच्या जोडीला 'स्थळनिश्चिती' सहज बसेल.

राहिला 'दृश्य पुरावा'. शब्द चुकीचा नाही, पण तो घाईने वापरला जातो. 'साक्षी' म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला. बृहदारण्यक उपनिषदात म्हटलं आहे की वाद घालणाऱ्यांपैकी एक 'मी पाहिलं' आणि दुसरा 'मी ऐकलं' म्हणाला, तर पाहणाऱ्यावर विश्वास ठेवावा. व्हिडिओ पाहणारा मात्र घटनेचा साक्षी नसतो. त्याने पडदा पाहिलेला असतो. म्हणून व्हिडिओ हाती येतो तेव्हा ते दृश्य साधन, आणि पडताळणीत टिकला की पुरावा. अशा तपासासाठी संयुक्त राष्ट्रांचं मानवी हक्क कार्यालय आणि बर्कली विद्यापीठ यांनी मिळून २०२० मध्ये आणलेल्या बर्कली प्रोटोकॉल या मार्गदर्शिकेतही माहिती वेगळी आणि पुरावा वेगळा धरला आहे.

'अन्वेषणात्मक' सोडून द्यावं, 'शोधपत्रकार' केव्हाच रुळलेला आहे. आणि इंग्रजीसारखी नामांची माळ ओवण्यापेक्षा क्रियापदाला काम द्यावं: 'त्या उघड साधनांवरून शोधपत्रकारिता करतात; छायाचित्रं, व्हिडिओ आणि उपग्रहचित्रं पडताळून घटनेचं स्थळ व काळ निश्चित करतात.' वाक्य लांबलं हे खरं, पण काम काय आहे ते पहिल्या वाचनात कळतं.

एक अडचण उरते. 'साधन' म्हणजे हत्यार, अवजार असाही अर्थ आहे, त्यामुळे 'डिजिटल साधने' वाचून कुणाला गुगल अर्थ किंवा सावली मोजणारं संकेतस्थळ आठवेल. त्या वस्तूंना सरळ 'टूल' म्हणा, सगळे म्हणतातच. 'साधन' हा शब्द ज्यावरून शोध लागतो त्या चित्रासाठी राखून ठेवा.