वाचकांचे प्रश्न : जोडताऱ्यांचे ग्रह

प्रश्न : दोन ताऱ्यांच्या ओढाताणीत ग्रह टिकतो कसा? तो बाहेर फेकला जात नाही का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नको त्या जागी असला तर जातोच. टिकायच्या जागा मुख्यतः दोन : एकाच ताऱ्याच्या अगदी जवळ, नाहीतर दोन्ही ताऱ्यांना लांबून वळसा घालून. मधल्या पट्ट्यात दर फेरीला हिसके बसतात, कक्षा लांबट होत जाते आणि शेवटी ग्रह भिरकावला जातो किंवा ताऱ्यावर आदळतो.

वृषपर्वा तारकासमूहातला गॅमा सेफी हा जोडतारा पाहा. अंतर ४५ प्रकाशवर्षे. मुख्य तारा नारिंगी, साथीदार तांबडा बटू (लहान, मंद तारा). दोघांची फेरी सुमारे ६७ वर्षांची. त्यांच्यातलं सरासरी अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या २० पट, पण कक्षा लंबगोल असल्याने साथीदार १२ पटींपर्यंत जवळ येतो. हिशेब या १२चा धरायचा. सरासरी घेतली की उत्तर चुकतं. ग्रह मुख्य ताऱ्यापासून २ पटींवर फिरतो, म्हणून निभावतो. चारच्या पुढे असता तर धडगत नव्हती.

दुसऱ्या प्रकारचा नमुना केप्लर-१६, शोध २०११चा. तारे एकमेकांपासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या ०.२२ पट अंतरावर, फेरी ४१ दिवसांची. ग्रह बाहेरून ०.७ पटींवर, फेरी २२९ दिवसांची. ताऱ्यांमधल्या अंतराच्या साधारण तिप्पट लांब राहावं, असा ढोबळ नियम आहे. हा ग्रह त्या उंबरठ्यापाशीच आहे.

प्रश्न : माझ्याकडे ८ इंची दुर्बीण आहे. असा ग्रह दिसेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ग्रह नाही, पण गॅमा सेफी तारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो, त्याची प्रत (तेजाचं माप) ३.२ आहे. नोव्हेंबरच्या मध्यास रात्री आठच्या सुमारास उत्तरेला तोंड करून उभे राहा. शर्मिष्ठेच्या पश्चिम टोकाच्या ताऱ्यापासून ध्रुवताऱ्याकडे रेघ ओढा. साधारण तीन पंचमांश अंतरावर, रेघेला जवळपास लागूनच तो आहे. उंची जेमतेम ३० अंश, त्यामुळे उत्तरेला शहराचा उजेड नसलेली जागा निवडा. साथीदार मात्र दुर्बिणीतही सुटा दिसणार नाही : मुख्य ताऱ्याला अगदी खेटून आणि कितीतरी पट मंद. त्याला थेट टिपायला सुबारूसारख्या मोठ्या दुर्बिणी लागल्या.

ग्रह कळला तो ताऱ्याच्या डुलण्यावरून. ग्रहाच्या ओढीने तारा सुमारे अडीच वर्षांच्या तालात, सेकंदाला फक्त २७ मीटर वेगाने पुढेमागे होतो; वर्णपटातल्या (प्रकाश रंगांत फाकवला की दिसणाऱ्या) रेषा तेवढ्याच सरकतात. हे सरकणं मोजायला स्थिर खूण हवी, म्हणून कॅनडाच्या कॅम्पबेल आणि वॉकर यांनी ताऱ्याचा प्रकाश हायड्रोजन फ्लोराइड वायूतून नेला. वायू जहाल विषारी, पण त्याच्या रेषा सुबक. १९८८मध्ये त्यांनी ग्रहाची शंका मांडली. १९९२मध्ये मात्र ताऱ्याच्या पृष्ठभागावरच्या घडामोडींवर बोट ठेवलं गेलं. ताऱ्याबरोबर फिरणारे डागही असंच डुलणं भासवतात. पण डाग येतात-जातात, त्यांचा ताल बिघडतो. इथे ताल सुटला नाही, म्हणून २००३मध्ये ग्रहावर शिक्कामोर्तब झालं.