एकत्र दूध प्यायलो नाही, तरी दूधबहीण?

प्रश्न : माझ्या जन्मानंतर अम्मीला कावीळ झाली, तेव्हा खालाने (मावशीने) मला तीन-चार दिवस अंगावर पाजलं. आता तिच्या धाकट्या मुलीशी माझं लग्न ठरतंय. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे, म्हणजे आम्ही एकत्र दूध प्यायलेलो नाही. मग काय हरकत आहे? (एक वाचक, वडाळा, नाशिक)

उत्तर : हरकत आहे. तारीख धरण्याआधी विचारलंत, हे फार चांगलं केलंत. एरवी खालाच्या मुलीशी निकाह चालतो. मावस, मामे, आते, चुलत यांपैकी कुणीच कुरआनातल्या सूरह निसाच्या 23व्या आयतीतल्या निषिद्ध नात्यांच्या यादीत नाही. पण त्याच आयतीत आई, मुलगी, बहीण, फुफी (आत्या), खाला, पुतणी, भाची यांच्या पाठोपाठ दूधआई आणि दूधबहीण येतात. खालाने पाजलं तेव्हाच ती तुमची दूधआई झाली, खालू (खालाचे पती) दूधबाप झाले आणि त्यांची सगळी मुलं, तुमच्या आधीची काय नि नंतरची काय, तुमची भावंडं झाली. सोबत प्यायलं पाहिजे, हा निव्वळ गैरसमज आहे. अनेक घरं इथेच चुकतात.

किती दूध, यावर मात्र मतभेद आहे. हनफी या धर्मशास्त्र-परंपरेच्या मताने दोन चांद्र वर्षांच्या आत एक घोट पोटात गेला तरी पुरे. कोकणी घरांतल्या शाफई या दुसऱ्या परंपरेच्या मताला पाच वेगवेगळ्या वेळा पाजणं लागतं. बाळाने पिऊन आपणहून तोंड काढलं की एक वेळ. तान्हं मूल दिवसातून आठ-दहा वेळा पितं, त्यामुळे तीन-चार दिवस म्हटल्यावर दोन्हीकडून उत्तर एकच. दूध काढून वाटी-चमच्याने पाजलं असतं तरी हेच. गाईच्या किंवा पावडरच्या दुधाने नातं जुळत नाही.

तुमच्या सख्ख्या भावाची गोष्ट वेगळी. तो खालाचं दूध प्यायला नसेल आणि ती मुलगी तुमच्या अम्मीचं दूध प्यायली नसेल, तर त्या दोघांचा निकाह होऊ शकतो. बंधन पिणाऱ्या मुलावर येतं, त्याच्या भावंडांवर नाही. तुम्हाला ती आता मेहरम (जिच्याशी निकाह कायमचा निषिद्ध) आहे, पण दुधाच्या नात्याने वारसा मात्र मिळत नाही.

अम्मी आणि खाला दोघींना वेगवेगळं विचारा : तुम्ही किती दिवसांचे होता, किती वेळा पाजलं, दूध पोटात गेलं की नुसतं तोंडाला लावलं. ते लिहून मुफ्तींकडून लेखी उत्तर घ्या. आणि घरात यापुढे कुणाचं बाळ दुसरीने पाजलं, तर तिचं नाव आणि तारीख त्याच दिवशी लसीकरणाच्या कार्डामागे लिहा. वीस वर्षांनी कुणाला नक्की आठवत नाही, आणि निकाहनंतर उलगडा झाला तर वेगळं व्हावंच लागतं. अजाणता झालेल्या अशा संसारातली मुलं मात्र बापाचीच मानली जातात. त्यांना कुणी बोल लावू नये.

प्रश्न : तलाक झाल्यावर धाकट्या सालीशी निकाह करता येईल का?

उत्तर : येईल, पण लगेच नाही. दोन बहिणी एका वेळी निकाहात ठेवणं त्याच आयतीने मना आहे, आणि हनफी मताने पहिलीची इद्दत (तलाकनंतरचा थांबण्याचा काळ) संपेपर्यंत ती बंदी टिकते : तीन मासिक पाळ्या, पाळी येत नसेल तर तीन चांद्र महिने, गर्भार असेल तर बाळंतपणापर्यंत. बायको वारली असेल तर पुरुषाला थांबावं लागत नाही. घाईत निकाह उरकला तर तो फासिद (सदोष, पण मुळातच रद्द नसलेला) ठरतो. अशा दुसऱ्या बायकोला आणि तिच्या मुलांना, न्यायालय तो निकाह रद्द ठरवेपर्यंत पोटगीचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सांगितलं आहे.

प्रश्न : चुलत बहिणीशी विशेष विवाह कायद्याने नोंदणी विवाह करायचा आहे. चालेल?

उत्तर : शरियतला चालतं, पण 1954 च्या त्या कायद्याच्या निषिद्ध नात्यांत चुलत, आते, मामे, मावस बहिणी आहेत. म्हणून आधी काझींकडे निकाह करा, निकाहनामा घ्या आणि मग महाराष्ट्राच्या 1998 च्या विवाह नोंदणी कायद्याखाली त्याची नोंद करा.