‘ते वेगळं असतं’ म्हणजे काय

प्रिय चिऊ,

अमेरिकेतल्या यलोस्टोनला मॉर्निंग ग्लोरी या गरम पाण्याच्या कुंडाच्या काठावर तू पाटी वाचत होतीस. लोकांनी वर्षानुवर्षं नाणी आणि कचरा टाकून त्या कुंडाचं तोंड बुजवलं, पाणी थोडं निवलं आणि कडेचा पिवळा-केशरी रंग निळ्यावर सरकत आला. १९५० मध्ये कुंड मुद्दाम उसळवून साफ केलं तेव्हा आतून ढीगभर नाणी निघाली, ही भर मीच शहाणपणाने घातली. गाडीत बसल्यावर तू विचारलंस, "मग आजी कृष्णेत कॉइन टाकते, ते पण लिटरिंगच ना? मागच्या डिसेंबरात तू मलाही टाकायला लावलंस."

मी म्हणालो, "ते वेगळं असतं." आणि उगाच जीपीएसशी खेळत बसलो.

"लावलंस" हे लागलं मला. वेगळं कसं, ते अजून नीट सापडलेलं नाही. जे आठवतंय ते लिहितो. तू मराठी सावकाश वाचतेस, तेव्हा एका बैठकीत संपवायची घाई करू नकोस.

१९८७ चा मे. बंडूकाकाच्या वडिलांची, म्हणजे माझ्या काकांची, अँबॅसेडर. तीत आम्ही नऊजण. सांगली ते महाबळेश्वर, दोनशे किलोमीटरच्या आतलंच अंतर, पण आजोबांनी पहाटे साडेचारला सगळ्यांना अंघोळ घालून बसवलं होतं. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कापडी पिशवीत भडंग. बेबीआत्याला गाडी लागायची म्हणून तिच्या हातात लिंबू आणि मांडीवर जुना ‘केसरी’. वाटेत हॉटेलात खायचं हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. (तू त्या दिवशी म्हणालीस की आपणच का प्रत्येक पार्किंगमध्ये डबे उघडतो. त्याचं उत्तर वेगळ्या पत्रात. किंवा नाहीच.)

सांगली सोडताना पहिला आयर्विन पूल. १९२९ चा, दगडी कमानींचा. आजी कायम डाव्या खिडकीशी, कारण कठडा त्या बाजूला. पूल लागला की काका न सांगता गाडी हळू करायचे. आजी रुमालाची गाठ सोडून प्रत्येकाच्या हातात दहा पैसे ठेवायची. ॲल्युमिनियमचं नाणं, कडेला पाकळ्या, इतकं हलकं की वाऱ्यावर भिरभिरत कठड्याच्या आतच पडायचं. माझं पडलं. मी रडलो, तर आजीने आपलं मला दिलं आणि स्वतः नुसते हात जोडले.

म्हणून बंडूकाका ग्रुपवर दरवर्षी तो मेसेज पाठवतो ना, की जुनी नाणी तांब्याची, तांब्याने पाणी शुद्ध व्हायचं, पूर्वज किती सायंटिफिक, तो वाचून मी गप्प बसतो. आमचं तरी एकही नाणं तांब्याचं नव्हतं. पाणी शुद्ध करायला आजीने काही टाकलं नाही. तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, "नदी आडवी आली, तसंच कसं जायचं?" पाहुण्याच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत, त्यातलंच काहीतरी.

पुढे कऱ्हाड, सातारा आणि वाईला ढोल्या गणपतीसमोर घाटावर दशम्या. तिथेही कृष्णाच, आमच्या निम्मीसुद्धा नाही. पसरणीच्या घाटात गाडी तापली. बॉनेट उघडून सगळे खाली. काकांनी ओल्या फडक्याने रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि वाफेचा फवारा उडाला, तसे आम्ही मुलं टाळ्या पिटत नाचलो. परवा यलोस्टोनचा ओल्ड फेथफुल गिझर, गरम पाण्याचा कारंजा, उसळला तेव्हा तू बघत होतीस आणि मला काकांचं फडकं आठवून हसू येत होतं.

जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात दगडी गोमुखातून पाणी पडतं. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री, पाचहीजणी तिथूनच निघतात असं मानतात. धार माझ्या मनगटाएवढी. मी आजोबांना विचारलं, "यातली आपली कुठली?" ते म्हणाले, "जी सांगलीला येती ती." मी तळहात आडवा धरला, पाणी बोटांवरून सांडायला लागलं. आयर्विन पुलाखालची एवढी मोठी नदी मी अडवली आहे असं वाटून घाबरून हात काढला. आजीने तिथे नाणं टाकलं नाही. ओंजळभर प्यायली आणि ओला हात माझ्या डोक्यावरून फिरवला.

संध्याकाळी आर्थर सीटला गेलो. तिथे दरीतून वारा असा वर येतो की टाकलेली हलकी वस्तू परत येते. आम्ही दहा-बारा बाटल्यांची बुचं गोळा करून फेकली. काही आली, बरीचशी आली नाहीत. ते मात्र लिटरिंगच होतं, चिऊ, तिथे मी वकिली करणार नाही.

आता आजीचं एक सांगतो, तुला माहीत नसलेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी पंचेचाळीस. गावभागातल्या आपल्या घरात खालचा मजला बुडाला. गाद्या, आजोबांच्या वह्या, माझ्या मुंजीचे फोटो, सगळं चिखलात. त्यानंतर वर्षभर आजी पुलावरून जाताना दुसरीकडे बघायची. हात जोडले नाहीत, पैसे टाकले नाहीत. मी फोनवर चेष्टा केली तर म्हणाली, "माझं आणि तिचं बोलणं बंद आहे." पुढच्या वर्षी आत्याबरोबर मिरजेहून रिक्षाने येताना पुढे पुलापर्यंत रिक्षा न्यायला लावली आणि पाचाचं नाणं मागून घेतलं. का, ते सांगितलं नाही.

कुंडात नाणी टाकणाऱ्यांचं त्या कुंडाशी असं भांडण कधी झालं असेल का? एवढाच फरक मला सापडलाय, आणि तो नदीच्या कामाचा नाही, हेही कळतं. आताची एक-दोन रुपयांची नाणी स्टीलची आहेत, आणि नदीत नाण्यांपेक्षा पुष्कळ वाईट गोष्टी जातात, पण ती पळवाट झाली. डिसेंबरात तू टाकू नकोस, हातही जोडायलाच हवेत असं नाही. फक्त गाडी हळू झाली की खिडकीबाहेर बघ. आणि तुझा प्रश्न आजीला तूच विचार, माझी छाती नाही.

परतताना मॅडिसन नदीवरून गेलो, तेव्हा माझा हात कप होल्डरमधल्या क्वार्टरच्या नाण्यावर गेला होता. तू आरशातून बघत होतीस. मी ते परत ठेवलं. काल आईने ते पार्किंगच्या मीटरमध्ये घातलं.

तुझा,
बाबा