केअर होममधल्या आजीआजोबांच्या शेवटच्या काळातल्या इच्छा बदलतात, मग केअर प्लॅन, म्हणजे कोणती काळजी आणि उपचार हवे-नको याची नोंद, अपडेट कसा ठेवायचा?

वर्षातून एकदा फॉर्म भरून पुरत नाही. हॉस्पिटलमधून परत आले, जेवण एकदम कमी झालं, वजन उतरलं, पडले, नवीन निदान झालं, की त्याच आठवड्यात बसून परत विचारायचं. आणि विचारायचं त्यांनाच, मुलांना नंतर, कारण स्मृतिभ्रंश असला तरी बरेच जण चांगल्या वेळी आपल्याला काय नको ते नीट सांगतात, फक्त घाई करायची नाही.

सगळ्यात जास्त घोळ डीएनआर (डू नॉट रिससिटेट) या डॉक्टरांच्या ऑर्डरवरून होतो. त्याचा अर्थ एवढाच की हृदय किंवा श्वास थांबला तर सीपीआर (छाती दाबून, श्वास देऊन परत चालू करायचा प्रयत्न) करायचा नाही, बाकी उपचार बंद असा नाही! म्हणून हॉस्पिटलला न्यायचं का, नळीने अन्न द्यायचं का, अँटिबायोटिक द्यायचं का हे वेगवेगळं विचारून लिहा, दुखणं कमी करायचं औषध तर चालूच राहतं.

इच्छा बदलली की डॉक्टरांची ऑर्डर, फाइल, कॉम्प्युटर सगळीकडे त्याच दिवशी बदला, जुनी कॉपी काढून टाका. रात्री दोन वाजता ड्युटीवरची नर्स हातात येईल तोच कागद खरा मानणार ना.