सोलापुरात एचआरला लागलास, तर एवढं ऐक

अक्कलकोट रोड एमआयडीसीत रुजू झालास, बरं झालं. आधी केबिन सोडून शेडमध्ये फिर. हजेरी आणि पगारपत्रक सॉफ्टवेअर करतंच. मालकाला आता तुझ्याकडून हवीत टिकणारी माणसं. चांगली पोरं पुण्याची गाडी धरतात, पण दर वेळी पगारासाठीच नाही. उद्याची पाळी आदल्या रात्री कळते, हे कारण राजीनामा देणाऱ्यांकडून मी फार ऐकलंय. तेव्हा महिन्याचं पाळीपत्रक आधीच लाव. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला शेड रिकामी होणारच. रजेवरून भांडण्यापेक्षा उत्पादनाची आखणी बदलून घे. मे महिन्यातल्या दुपारच्या पाळीचंही तेच.

बायका कामाला असतील तर पाळणाघराचा विषय तूच काढ. ५० किंवा जास्त कर्मचारी असले की कायद्याने ते बंधनकारक आहे, आणि १० जणांपासून लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती. (ती बहुतेक ठिकाणी फक्त फलकावर असते, असं माझं मत.) सूचना तेलुगूतही लाव, शहराच्या पूर्वभागातल्या तेलुगू बोलणाऱ्या कामगारांना बरं वाटतं. आणि जाणाऱ्याला कारण शेवटच्या दिवशी विचारू नकोस. हिशोब हातात पडायचा असताना कुणी खरं बोलत नाही.